भाला फेकायचा नसतो

माहेरी गेले की लोक विचारतात, "वत्सलाताई, तुम्ही तिकडे लेस्टरला नोकरी कसली करत होता?" मी म्हणते, "भाला शिकवायचे." की लगेच समोरचा माणूस हात खांद्यामागे नेतो आणि हवेत काहीतरी भिरकावून दाखवतो. "हे? ऑलिम्पिकमधलं?"

डोंबल ऑलिम्पिकमधलं! ती भालाफेक. माझ्या कामातला पहिला नियमच असा, की भाला फेकायचा नसतो. तो हातातून गेला की तुम्ही रिकाम्या हाताने उभे, आणि समोरच्याकडे एकाच्या जागी दोन. आमचे गुरुजी हे पहिल्या दिवशी सांगत आणि दहा वर्षं शिकलेल्यालाही सांगत. अजून मी झाडू भिंतीला टेकवून ठेवते, सोडून देत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादक फोनवर म्हणाल्या, "ताई, गमतीजमती लिहा हं, लोकांना हलकंफुलकं आवडतं." गमतीजमती आहेत, त्या आधी सांगून टाकते. पण ज्यासाठी लिहायला बसले आहे ती गोष्ट गमतीची नाही. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं तोंड मिटून होते ती माणसं गेली. जो एक उरला आहे, त्याला विचारून लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. वडील मर्दानी खेळाच्या आखाड्यात वस्ताद. आमच्याकडे विटा असतो, म्हणजे मागे दोरी बांधलेला भाला. तो मात्र फेकतात आणि दोरीने परत ओढून घेतात. मला मुलगी म्हणून लाठीच्या पुढे कुणी जाऊ दिलं नाही, आणि तो राग मी लग्नात रुखवताबरोबर इंग्लंडला घेऊन आले. आमचे हे लेस्टरच्या हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट. मी एका शाळेच्या किचनमध्ये पोरांना मॅश्ड पोटॅटो वाढायला लागले. एका संध्याकाळी हातमोजे विसरले म्हणून परत गेले, तर शाळेच्या हॉलमध्ये एक बुटका, राखाडी केसांचा माणूस दोन पुरुष लांबीचा भाला घेऊन एकटाच उभा होता. पात्याखाली लाल केसांचा गोंडा. त्याने तो भाला असा काही पुढे नेला आणि मागे घेतला, की मी दारातच बसकण मारली. अहो, घरी ह्यांचं जेवण राहिलं त्या दिवशी.

ते मिस्टर मिन. कोरियातून एका कंपनीचे मेकॅनिक म्हणून आले, मार्गारेट नावाच्या नर्सशी लग्न करून इथलेच झाले. संध्याकाळी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, भाल्याचा क्लास घ्यायचे. कोरियन भाषेत गुरुजींना साबमनिम म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना साबमनिमच म्हणायचो. मी त्याच आठवड्यात त्यांच्याकडे शिकायला लागले. पुढे क्लास वाढला आणि कौन्सिलने मलाही पगारी इन्स्ट्रक्टर केलं. नवशिके आणि बायका माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. किचनचा एप्रन मी ज्या दिवशी परत केला, त्या दिवशी वडिलांना ट्रंक कॉल लावला. त्यांनी आधी कॉलचे पैसे किती पडतात ते विचारलं. मग म्हणाले, "पोरी, पाय पक्के ठेव."

आता धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कोरियाच्या जुन्या राजांच्या फौजेसाठी भाल्याची कवायत चित्रांसकट लिहून ठेवलेली आहे. लांब भाला, त्याहून लांब बांबूचा भाला, छोटं निशाण बांधलेला आखूड भाला, त्रिशूळासारखा तीन टोकांचा. पुढे बंदुका आल्या, परकी राजवट आली, आणि शिकवणारे हात बरेचसे संपले. नंतरच्या लोकांनी ती चित्रं समोर ठेवून पुन्हा जुळवाजुळव केली. साबमनिम याबाबतीत फार सरळ होते. एखादा पवित्रा दाखवला की सांगायचे, "एवढं माझ्या गुरूंचं, एवढं चित्रातलं, आणि एवढं माझं डोकं." पवित्र्यांची नावं तर अशी की माझ्या वडिलांनी ऐकली असती तर मिशीतल्या मिशीत हसले असते. लोखंडी बैल जमीन नांगरतो. मांजर उंदीर धरते. डोंगर अंड्यावर पडतो.

भाला धरतात दोन हातांनी. मागचा हात दांड्याच्या बुंध्याशी, कमरेला चिकटून. पुढचा हात म्हणजे नुसती नळी. बोटं सैल, त्यातून दांडा सरकला पाहिजे. पुढचा हात रस्ता दाखवतो, मालक मागचा हात. नवशिका नेमकं उलटं करतो, पुढच्या हाताने आवळून धरतो आणि आठवडाभर खांदा धरून फिरतो. गोंडा शोभेचा नसतो बरं का. पात्यावरचं रक्त दांड्यावरून ओघळून मुठीपर्यंत येऊ नये, हात निसरडा होऊ नये, म्हणून तो असतो. एवढी काळजी त्या एका मुठीची. दांडा आम्ही ॲश नावाच्या इथल्या चिवट लाकडाचा करून घ्यायचो, फावड्यांचे दांडे करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून. त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल. तेही चमचाभर, चोळून चोळून, आणि मग भाला पंधरा दिवस कोपऱ्यात उभा. जवसाचं तेल वाळतं. लाकडात मुरतं आणि वर कोरडं ठणठणीत होतं. वाळेपर्यंत साबमनिम भाल्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

तर गमती. भाले गाडीच्या टपावर बांधून न्यावे लागायचे, जुन्या पडद्यात गुंडाळून. एकदा पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. "मॅडम, हे काय आहे?" मी साडीत, वर कोट, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी म्हटलं, "स्पिअर्स." तो हसला. त्याला वाटलं बाईचं इंग्रजी कच्चं आहे. "यू मीन कर्टन रेल्स, लव्ह?" मी पुन्हा म्हटलं, "स्पिअर्स." मग पडदा बाजूला केला. त्या दिवशी नवशिक्यांचा क्लास झालाच नाही, मी चौकीत चहा पीत बसले होते. साबमनिमनी येऊन सोडवलं आणि परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी पडद्याच्या दांड्या आहेत म्हणा."

एक सर्जन आले होते, आपल्याच इथल्या मराठी मंडळातले. मंडळाच्या नाटकात मावळा व्हायचं होतं आणि फोटोत भाला कसा झळकला पाहिजे म्हणे! मी त्यांना तासभर नुसतं उभं राहायला शिकवलं. पुन्हा फिरकले नाहीत. नाटकात त्यांनी ढाल घेतली.

आणि हंसाबेन. बेलग्रेव्ह रोडजवळ राहायच्या, होजिअरीच्या कारखान्यात शिलाई करायच्या. वर्षभर आल्या, पण त्यांनी भाला एकदाही पुढे खुपसला नाही. नुसता पवित्रा घ्यायच्या, टोक समोर, आणि उभ्या. मी म्हणायचे, "हंसाबेन, आता पुढे." त्या म्हणायच्या, "बस. इतनाही दूर रखना है." उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज नवऱ्याने उठवलेले वळ झाकायला असायचा, हे माझ्या उशिराच लक्षात आलं. मी ह्यांना सांगितलं, हे कुणाकुणाशी बोलले, आणि त्याच आठवड्यात त्या यायच्या बंद झाल्या. पोरांना घेऊन एजवेअरला बहिणीकडे गेल्या असं कारखान्यातल्या एकीने सांगितलं. मी ते खरं मानते. दुसरं काही मानायची माझी छाती नाही.

आता नंदू आणि आक्का.

नंदू आमच्या क्लासमधला सगळ्यात चांगला हात. बसच्या गॅरेजमध्ये फिटर, तिशीचा, अबोल. बोलायचं म्हणजे सुद्धा मराठी-इंग्रजीची खिचडी, कारण वाढला इथेच. वडील लवकर गेले, घरी तो आणि त्याची आई. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्का साताऱ्याकडच्या. इंग्रजी चार शब्द, पण क्लासला नेमाने येऊन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या, विणकाम घेऊन. साबमनिमना डब्यातून पुरणपोळी आणायच्या आणि ते दोन्ही हातांनी डबा घेऊन वाकायचे. दोघांना एकमेकांचं अक्षर कळायचं नाही, पण पटायचं छान.

साबमनिमना मूलबाळ नव्हतं. चित्रात जे नाही ते, म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, मागची टाच कधी फिरवायची, भाला जड कधी लागतो आणि हलका कधी, हे त्यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं नंदूच्या हातात उतरत होतं. माझ्या नाही. मी चांगली मास्तरीण होते, तो हात माझा नव्हता. मला हेवा वाटला का? वाटला, थोडा. पण त्याला बघत राहावंसं वाटायचं.

आमच्या कोल्हापुरात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. घासायची, तेल लावायचं, हळदीकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी कुणी त्यांना हात लावायचा नाही. दशमीला सकाळी वडील कोरडं फडकं घेऊन बसायचे, एक एक शस्त्र पुसायचे, आणि मगच ती बाहेर निघायची. पण परदेशात देव वीकएंडला येतात. मंडळाच्या कमिटीने ठरवलं की शस्त्रपूजा आणि दसरा एकाच शनिवारी. सकाळी पूजा, दुपारी जेवण, मग भाल्याचं प्रात्यक्षिक आणि शेवटी सोनं वाटायचं. हॉल तेवढाच वेळ मिळत होता. दोन दिवसांच्या मधली ती फडकं घेऊन बसायची सकाळ गळून गेली, आणि ते कुणाच्या, अगदी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळी मी खुर्च्या मांडण्यात होते. पूजा आक्कांनी मांडली होती. साबमनिम दांड्यांना तेल लावतात हे त्यांनी कोपऱ्यात बसून कितीदा पाहिलेलं. घरून वाटी भरून तिळाचं तेल आणलं होतं. नंदूचा लांब भाला मांडीवर आडवा घेतला आणि बाळाला न्हाऊ घालण्याआधी चोळावं तसं टोकापासून बुंध्यापर्यंत तेल चोळलं. फडक्याने वरवर टिपलंसुद्धा, कुणाच्या कपड्याला डाग नको म्हणून. तिळाचं तेल वाळत नाही. मी हे पाहिलं नाही, मला नंतर कळलं. मी पाहिला तेव्हा भाला नुसता झळकत होता, आणि मला वाटलं, वा, काय सजवलाय.

प्रात्यक्षिकात साबमनिमचा एक शिरस्ता होता. भाल्याचं टोक जिकडे जाणार तिकडे प्रेक्षक नाहीत. एकही नाही. तिकडे उभा राहणार फक्त गुरू. "मी शिकवलं, टोकापुढे मी." हॉलच्या लांब बाजूला लोक बसले होते, पुढच्या रांगेत मधोमध आक्का, नव्या इरकली साडीत. एका टोकाला नंदू, दुसऱ्या टोकाला भिंतीपाशी साबमनिम, हात मागे बांधून.

नंदूने सुरुवात केली. मांजराने उंदीर धरला, बैलाने जमीन नांगरली. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मग शेवटचा पवित्रा, निळा ड्रॅगन पंजा देतो. यात पुढचा हात सोडून द्यायचा असतो. पाऊल टाकायचं, अंग पूर्ण लांबवायचं, आणि सगळा भाला एकट्या मागच्या हाताने समोर न्यायचा. सगळं वजन त्या एका मुठीत.

मूठ रिकामी झाली.

आवाज असा काहीच आला नाही. भाला खालून गेला, साबमनिमच्या मांडीत शिरला, आणि लांब दांडा खाली कोसळताना पात्याने आणखी फाडत बाहेर पडला. ते उभ्याचे बसले. मग आडवे झाले. इस्त्री केलेल्या पांढऱ्या विजारीवर लाल रंग केवढ्या झपाट्याने पसरला ते मी आजही सांगू शकत नाही.

हॉल डॉक्टरांनी भरलेला होता. हे एका उडीत पोचले आणि जांघेत मूठ दाबून बसले. कुणी धोतर फाडलं, कुणी फोनकडे धावलं. मी साबमनिमच्या डोक्याशी गुडघे टेकले. चेहरा कागद झाला होता. पण त्यांचा एक हात जमिनीवर काहीतरी शोधत होता. भाला. त्यांनी बुंधा चाचपला, बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मग मान किंचित वळवून पुढच्या रांगेकडे बघितलं. आक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आणि तो माणूस, ज्याच्या अंगातलं रक्त फरशीवर वाहत होतं, त्याने बुंधा छातीशी ओढला आणि आपल्या बाहीने पुसायला लागला. हे ओरडले, "लाइ स्टिल, मॅन!" मी भाला त्यांच्या हातातून घेऊ गेले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. पुसून झाल्यावरच त्यांनी तो सोडला. त्यांच्या बाहीला वास येत होता. मी कोल्हापूरची, तिळाच्या तेलाचा वास मला दुसऱ्याने सांगावा लागत नाही.

नंदू हॉलच्या त्या टोकाला तसाच उभा होता, पाऊल पुढे टाकलेलं, हात लांब केलेला.

पोलीस आले. स्ट्रेचरवर उचलतानाच साबमनिमनी त्यांना सांगितलं, "मुलाची चूक नाही. मी त्याला मूठ चुकीची शिकवली." हेच त्यांनी हॉस्पिटलात सांगितलं, हेच कौन्सिलच्या माणसांना. चुकीची मूठ! त्या माणसाने आयुष्यात कुणाला चुकीची मूठ शिकवली नव्हती. पण इन्स्ट्रक्टर स्वतः म्हणतोय म्हटल्यावर कौन्सिलला काय, त्यांनी क्लास बंद केला, साबमनिमचं नाव कायमचं काढून टाकलं. माझी नोकरीही त्यातच गेली. मी परत किचनमध्ये मॅश्ड पोटॅटो.

पाय वाचला, पण गुडघ्याखाली त्यात जीव राहिला नाही. नस तुटली होती. पाऊल फरफटायचं.

मी वॉर्डात भेटायला गेले तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. आक्का आणि नंदू आधीच आले होते. आक्कांनी शिऱ्याचा डबा आणलेला. नंदू खिडकीशी पाठ करून उभा. आक्का माझा हात धरून म्हणाल्या, "वत्सला, मला इंग्रजी येत नाही गं. तू सांग यांना. म्हणावं, सकाळी मी स्वतःच्या हाताने शस्त्रांची पूजा केली होती, म्हणून देवीने थोडक्यात निभावलं. नाहीतर छातीतच गेला असता. पूजेनेच वाचवलं तुम्हाला."

मला ते तोंडातून काढवेना. साबमनिम वाट बघत होते. नंदूची पाठ हलली नाही. शेवटी मी इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. काय करणार?

साबमनिमनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झोपल्या झोपल्या मान वाकवली. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "थँक यू. त्यांच्या पूजेने मी वाचलो." आक्कांनी डोळे पुसले. नंदू पाणी आणतो म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

नंदूने भाला सोडला. त्या दिवसानंतर हात लावला नाही. दर आठवड्याला साबमनिमना गाडीत घालून फिजिओथेरपीला न्यायचा, आणायचा, मार्गारेटच्या बागेतलं गवत कापायचा, पण भाल्याचं नाव नाही. साबमनिमनी हरप्रकारे सांगून पाहिलं. म्हणाले, मी खुर्चीत बसून शिकवतो. म्हणाले, वत्सलाच्या गॅरेजमध्ये शिकू, कौन्सिलचा संबंध नाही. एकदा तर त्यांनी विनवलं, हो, विनवलंच. "माझ्याकडे जे उरलंय ते चित्रात नाही." नंदूने मान खाली घातली आणि म्हणाला, "सॉरी, साबमनिम. माझा हात बरोबर नाही."

मला सहन होईना. मी एकटी त्यांना भेटले आणि म्हटलं, "त्याला खरं सांगू या. त्याचा हात चुकला नाही, तेल होतं, हे कळलं की तो परत येईल. तुमची विद्या वाचेल." त्यांनी आपलं निर्जीव पाऊल दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवलं. मग म्हणाले, "आणि त्याची आई?"

"तिला कशाला कळेल?"

"एका घरात राहतात, वत्सला. मुलगा हे ओझं उचलेल. आईला नाही उचलवणार." आणि पुढे म्हणाले, "मी टोकापुढे उभा होतो. ती माझी जागा होती. आता मी तिला तिथे उभं करू?"

विषय संपला. मला राग आला होता, अजून येतो. त्यांचा, आक्कांचा, त्या कमिटीचा, वीकएंडचा, सगळ्यांचा. एका बाजूला एका म्हातारीचं समाधान, दुसऱ्या बाजूला माणसाने आयुष्यभर सांभाळलेली विद्या. तागडी धरायची कुणी? त्यांनीच धरली, आणि स्वतःच्या विरुद्ध धरली. पाच-सहा वर्षं ते तसेच खुर्चीत बसून होते. मग छातीच्या दुखण्याने गेले. प्रेताला खांदा द्यायला नंदू पुढे होता. आक्कांनी हारावर झेंडूची फुलं आणून घातली आणि मला म्हणाल्या, "बघ, देवीने वर्षं दिली की नाही त्यांना?" मी म्हटलं, "दिली, आक्का."

पुढच्याच हिवाळ्यात आक्का झोपेत गेल्या. तेरावं होईपर्यंत मी कळ काढली. मग गॅरेजमधून तो भाला काढला. पोलिसांनी परत दिल्यापासून माझ्याकडेच होता, पडद्यात गुंडाळलेला. टपावर बांधला आणि नंदूकडे गेले.

त्याने दार उघडलं. केस पांढरे व्हायला लागले होते. टेबलावर आक्कांचं विणकाम तसंच ठेवलेलं. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "नंदू, तुझा हात चुकला नव्हता. दांड्याला तिळाचं तेल होतं. आक्कांनी पूजेत लावलं होतं. साबमनिमना माहीत होतं, मला माहीत होतं. आक्का होत्या तोवर बोलता येत नव्हतं."

मला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर ओरडेल. तो खुर्चीत बसला.

"मला माहीत आहे, काकू."

"कधीपासून?"

"हातात घेतला तेव्हाच. सगळाच स्लिपरी होता. मी कमरेच्या कापडी बेल्टने पुसायला लागलो, आणि समोर पाहिलं तर आई माझ्याकडे बघून स्माइल करत होती. तिने मला खूण केली, असं हात फिरवून, की बघ, मी कसं लावलंय." त्याने तो हात तसा फिरवून दाखवला. "तिच्यासमोर कसं पुसणार? म्हटलं, मॅनेज होईल. मूठ घट्ट धरू."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"साबमनिमनी पुसलं तेही मी पाहिलं," तो म्हणाला. "म्हणून काही बोललो नाही."

"अरे, मग तू सोडलास कशाला? ते इतकं मागे लागले होते तुझ्या! तुला ठाऊक होतं हात चांगला आहे, तर त्यांच्याकडून घ्यायचं होतंस ना सगळं!" मी ओरडत होते, मला कळत होतं. "सगळं त्यांच्याबरोबर गेलं, नंदू!"

"आय नो, काकू." तो विणकामाकडे बघत होता. "पण मी शिकत राहिलो असतो, तर पुढच्या नवमीला आई परत तेलाची वाटी घेऊन आली असती. तिला नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागलं असतं."

बाहेर गाडीच्या टपावर भाला होता. मला तो परत न्यायचा होता, पण नंदूच उठला, दोऱ्या सोडल्या, पडदा उलगडला आणि भाला घरात घेऊन आला. छतात मावेना म्हणून तिरका धरला. गोंड्याचा रंग उडाला होता. मग त्याने किचनमधलं एक स्वच्छ फडकं घेतलं, जमिनीवर बसला, भाला मांडीवर आडवा घेतला आणि पुसायला लागला.

दांडा कधीच कोरडा ठणठणीत झालेला होता. तरी तो टोकापासून बुंध्यापर्यंत पुसत राहिला.